सुकाणूनं नाव वळते, मग विमान कशानं वळते?

काठावरचा मास्तर
सातवीला विमानाचा शोध शिकवला की पोरं एकच वाक्य पाठ करून येतात: राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ ला इंजिनावर विमान उडवलं. अरे, इंजिन आधीच होतं. पंखही होते. जर्मनीचा लिलियेन्थाल नुसतं अंग झुकवून तोल सांभाळत टेकडीवरून उडायचा. ऑगस्ट १८९६ मध्ये वाऱ्याच्या झोतात त्याचा तोल गेला, सावरता आला नाही, आणि त्यातच तो गेला. नव्हतं ते सुकाणू.

नावांना ते फार आधी मिळालं. व्हायकिंग म्हणजे उत्तर युरोपातले जुने दर्यावर्दी; त्यांच्या जहाजाला दिशा वळवायला उजव्या अंगाला मोठं वल्हं असे. म्हणूनच जहाजाच्या उजव्या बाजूला आजही स्टारबोर्ड म्हणतात, म्हणजे सुकाणूची बाजू. चीनमध्ये हान राजघराण्याच्या काळातल्या थडग्यात मातीची नाव सापडली, तिच्या बरोबर मागं मधोमध सुकाणू आहे. युरोपात बिजागरीवर फिरणारं सुकाणू १२४२ च्या एल्बिंग शहराच्या शिक्क्यावर दिसतं. चाकानंतरचा सगळ्यात मोठा शोध हाच, असं मी छातीठोक सांगतो. विमान म्हणजे त्याचंच पुढचं पाऊल.

डोंगेवाला
मास्तर, नाही पटलं. माह्या आज्याचा वैनगंगेवर डोंगा होता. एका खोडाचा, कोरलेला. त्याले सुकाणू नव्हतं अन् लागतही नव्हतं.

सुकाणू काय करते? बाजूनं पाणी वाहत असलं तरच त्याले धक्का बसते अन् शेपूट सरकते. डोंगा धारेसंग वाहू लागला की डोंग्याची अन् पाण्याची चाल एकच. मग फळी कितीही फिरवा, ओंडका तो ओंडकाच. वल्ह्याचं तसं नाही. उभ्या डोंग्यातही मागून एक ओढ दिली का तोंड फिरते. पूर उतरता असला की आजा तोंड धारेकडे तिरपं धरून काठ गाठे. पाणी उथळ झालं का बांबू टेकवे. ही नजर हातातून येते, बिजागरीतून नाही.

सुकाणू लागलं ते मोठ्या जहाजाले. तिथं माणसाच्या हाताले एवढं वल्हं आवरत नव्हतं. मोठा शोध म्हणा, पण आधीच्याले मागास म्हणू नका.

आयटीआयवाली
डोंगेवाले भाऊंचं पाण्यापुरतं बरोबर. माझी हरकत वेगळी आहे. मास्तर, विमान सुकाणूनं वळतच नाही.

धुऱ्यावरून सायकल चालवली आहे ना? नुसतं हँडल फिरवलं तर धुऱ्याखाली जाल; आधी अंग कलतं, मग सायकल वळते. राइट बंधू सायकलीच बनवायचे. विमान वळवायचं तर एका अंगावर कलवायला हवं, हे त्यांनी ओळखलं आणि पंखांची टोकं पिळायची दोरी बसवली. पण जो पंख वर उचलायचा त्याला हवेची अडचणही जास्त होई, मग नाक उलट्या बाजूला ओढलं जाई. १९०२ च्या ग्लायडरला, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाला, त्यांनी मागं दोन उभे पडदे लावले, तेही पक्के, न हलणारे. कधी कधी खाली गेलेला पंख वाळूत रुतून ग्लायडर गरकन फिरे. त्याला ते विहीर खोदणं म्हणत! मग धाकट्या भावानं, ऑर्विलनं सुचवलं, पडदा हलता करा. थोरल्या विल्बरनं तो पंख पिळायच्या दोरीलाच जोडला. तेव्हा कुठं वळण जमलं.

म्हणजे हा हलता पडदा, विमानाचं सुकाणू, नाक सरळ ठेवायला. वळवायचं काम पंखाचं.

काठावरचा मास्तर
ताई, मग फ्रान्सच्या वैमानिक फार्मानचं काय? १३ जानेवारी १९०८, पॅरिसजवळ एक किलोमीटरचा फेरा पूर्ण करून ५०,००० फ्रँकचं बक्षीस घेतलं. त्याच्या विमानाला पंख कलवायची सोयच नव्हती. फक्त सुकाणू!

आयटीआयवाली
फिरला, खरं आहे. पण कसा? जमिनीला समांतर राहून, बाजूला घसरत, लांबलचक फेरा घेत. बंडी वळवायला आख्खं शेत लागावं तसा. त्याच वर्षी ८ ऑगस्टला फ्रान्समध्येच ल मां जवळ विल्बरनं विमान एका अंगावर कलवून वळवलं, तेव्हा बघायला आलेले फ्रेंच लोक चाट पडले. राइटांनी तर सप्टेंबर १९०४ मध्येच पूर्ण गोल मारला होता.

तुमच्या पोरांना हे सांगा. १२ सेकंदांचं उड्डाण त्यांना पाठ आहे, पण विहीर खोदणारा ग्लायडर एकदा ऐकला तर विसरणार नाहीत.

काठावरचा मास्तर
विहिरीची गोष्ट उद्याच सांगतो. पंखाचं मान्य, पण तो हलता पडदा नसता तर तुमचा कललेला पंख वाळूतच होता ना? त्यामुळं सुकाणूचा मान मी सोडत नाही.

आणि डोंगेवाले भाऊ, धारेत सुकाणू मरतं हे मला नुसतं ऐकून पटणार नाही. रविवारी पाट्याचं एक करून आणतो, डोंग्याला मागं बांधू.

डोंगेवाला
या. पण पाणी उतरल्यावर या. अन् पोरांले काठावरच बसवजा. वल्हं मी संगं ठेवतो.