पहिली मीटिंग घराजवळची की लांबची?

कळवानाका:
ओळखीतला एक मुलगा आहे, तिशीतला. दारू सोडायचीय म्हणतो, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (एए, दारू सोडणाऱ्यांचाच गट) मीटिंगला यायलाही तयार आहे, पण ठाण्यातली नको, कुणी बघितलं तर, मला वाशीची शोधून द्या म्हणे. मी म्हटलं घराजवळचीच धर. त्यावरून आमचं वाजलं म्हणून इथे मांडतोय.

मीपण सुरुवातीला वाशीलाच जायचो. ऑफिस सुटलं की ट्रान्स हार्बरची लोकल, आठची मीटिंग, आणि स्टेशनपासून हॉलपर्यंत चालत जाताना वाटेत तीन बार. तिसऱ्या आठवड्यात हॉलपर्यंत पोचलोच नाही. मग घरापासून सात मिनिटांवरची पकडली, शाळेच्या वर्गात भरते. दुसरी-तिसरीच्या पोरांची बाकं, गुडघे आत जात नाहीत, फळ्यावर बाराचा पाढा तसाच. पहिले चार दिवस मी नुसता तो पाढाच वाचत बसायचो, कुणी काही विचारलं नाही. फॉर्म नाही फी नाही, शेवटी थैली फिरते, जमेल त्याने दहावीस टाकायचे. पाचव्या दिवशी आमच्याच बिल्डिंगमधले दुसऱ्या मजल्यावरचे काका आत आले. माझ्या पोटात गोळा. त्यांनी मला बघितलं, माझ्याच बाकावर येऊन बसले आणि बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवली. सहा वर्षं झाली त्याला. प्यायलेला मी जिन्यात पडलेलो अख्ख्या बिल्डिंगने बघितलाय, मग सोडताना बघितलं तर कसली लाज?

नौपाडावाली:
दादा, कळवा, सहा वर्षं, दुसरा मजला, सगळं लिहून टाकलंत. तुमच्या बिल्डिंगमधल्या कुणी वाचलं तर काका कोण हे कळायला किती वेळ लागेल? मीटिंगमध्ये कोण येतं हे बाहेर काढायचं नाही हा तुमचाच नियम ना? लोक घाबरतात ते यालाच.

आणि तुम्ही पुरुष आहात. माझी धाकटी बहीण पिते. बाई पिते म्हटल्यावर सासर काय माहेर काय, कुणी आजार म्हणून बघत नाही, मुलं काढून घ्यायची भाषा सुरू होते. मी तिच्यासोबत घराजवळच्या मीटिंगला गेले होते, खोलीत बाई ती एकटीच, दारातूनच परत फिरली. आता फोनवर महिलांची ऑनलाइन मीटिंग करते, गच्चीत जाऊन, हेडफोन लावून. तिला तुम्ही घराजवळची धर म्हणून सांगणार?

कळवानाका:
काकांबद्दल चुकलंच ताई. एडिट होत नाहीये, मजल्याचा उल्लेख काढायला ॲडमिनला सांगितलंय. बहिणीला महिलांचीच योग्य, तिथे मी वाद घालणार नाही. पण पुरुषांबाबत मी ठाम आहे, लांबची मीटिंग म्हणजे न जायला रोज एक नवीन कारण, मेगाब्लॉक, पाऊस, उशीर.

ऐरोलीकर:
जवळ-लांब नंतर बघा हो. माझ्या भावाने गटारीला शेवटची म्हणून भरपूर घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम बंद, कुणा मीटिंगवाल्याने सांगितलं होतं म्हणे, मन घट्ट कर. दुसऱ्या रात्री फिट आली. तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, नखांनी भिंत खरवडत होता, रात्रभर मी आणि वहिनी त्याचे हात धरून बसलो. डॉक्टर म्हणाले रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं की असं होतं, जीवही जाऊ शकतो, ॲडमिट करून औषधाखालीच थांबवायची. तेव्हा आधी डॉक्टर. आणि दारू सोडायच्या तुमच्या एएच्या त्या बारा पायऱ्यांमध्ये सारखा देव येतो, आमच्या घरात कुणी देव मानत नाही, त्याने काय करायचं?

कळवानाका:
दादा, पहिलं शंभर टक्के खरं. ज्याने भावाला तसं सांगितलं तो चुकला, औषध हा मीटिंगचा विषयच नाही. पण औषधाने अंगातली उतरते, नंतर संध्याकाळी सात वाजता रिकामे हात घेऊन बसायचं कुठे? १९३५ मध्ये अमेरिकेत ॲक्रन गावात हे सुरू केलं त्या दोघांतले बॉब स्मिथ स्वतः सर्जन होते, दारू काय करते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती, तरी सुटत नव्हती. सुटली ती दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलून. देवाचं म्हणाल तर 'आपल्याला समजेल तसा' असंच लिहिलंय, आमच्यात एकजण त्या खोलीतल्या माणसांनाच देव मानतो. आणि नुसती श्रद्धा नाही ही, २०२० मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले, त्यात पूर्ण बंद ठेवण्यात ही पद्धत इतर उपचारांपेक्षा मागे नव्हती, बऱ्याच ठिकाणी पुढेच होती.

शोधायचं कसं, तर एएच्या साइटवर शहराप्रमाणे यादी असते, पण आधी फोन करा, वार आणि जागा बदलतात. ओपन मीटिंगला घरचे येऊ शकतात, क्लोज्डला फक्त ज्याला दारू सोडायचीय तो. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, फुकट आहे. घरच्यांसाठी ॲल-ॲनॉन वेगळं.

ऐरोलीकर:
देवाचं मला अजून पटलेलं नाही. ठाण्यात ओपन मीटिंग कुठल्या वारी असते? भावाला लगेच नाही आणणार, आधी मी एकटा येऊन बसतो.

कळवानाका:
मेसेज केलाय.

नौपाडावाली:
त्या तिशीतल्या मुलाला वाशीची देऊन टाका हो. त्याने तोंड उघडून मागितलीये, तीच द्या. वाटेतल्या तीन बारांची काळजी असेल तर पहिले चार दिवस तुम्ही बसा ना त्याच्यासोबत लोकलमध्ये.