काम रिजेक्ट, पैसे शून्य, पण काम त्यांच्याकडेच: हे चालतं का?

पलासियाकर: भाची कॉलेज सांभाळून ऑनलाइन लेबलिंग करते, फोटोत सायकल कुठे, सिग्नल कुठे, चौकोन काढायचे. परवा तिचा अख्खा बॅच रिजेक्ट झाला, कारण काय तर 'क्वालिटी', बस एवढंच. पैसे नाहीत, पण लेबलं मात्र त्यांच्याकडेच राहिली. म्हणजे शिंप्याला म्हणायचं ब्लाउज बिघडवलास, आणि तोच घालून लग्नाला जायचं! अमेझॉनच्या मेकॅनिकल टर्कवरही, म्हणजे अशी छोटी ऑनलाइन कामं वाटणाऱ्या साइटवरही, 2005 पासून काम देणाऱ्याला असं पैसे न देता नाकारता येतंच. आणि रिजेक्शनने अप्रूव्हल रेट, म्हणजे पास झालेल्या कामांचा टक्का, पडला की पुढची चांगली कामं दिसतच नाहीत, खरी मार ती आहे.

जेलरोडवाला: मामा, दुसरी बाजूपण बघा ना. मी असे सर्व्हे करून घेतलेत, लोक प्रश्न न वाचता धडाधड टिक करतात, कोणी भाड्याचं अकाउंट चालवतं, कोणी बॉट, म्हणजे आपोआप उत्तरं भरणारा प्रोग्रॅम, लावतं. सगळ्यांना डोळे मिटून पैसे द्यायचे का? आणि जबरदस्ती कुणीच केली नाहीये, पोहे खाता खाता मोबाइलवर दोन पैसे मिळतात तर वाईट काय.

पलासियाकर: बॉटवाल्याला नाकार ना बाबा, कोण अडवतंय! पण मग त्याचा डेटा वापरू नकोस, आणि नेमकं कुठे चुकलं ते सांग.

राजवाड्याची ताई: 'दोन पैसे' खरंच आहेत हो. 2018 च्या एका अभ्यासात टर्कवरची मधली कमाई तासाला साधारण 2 डॉलर निघाली, अमेरिकेतलं किमान वेतन 7.25. कारण काम शोधण्यात आणि रिजेक्ट झालेल्यात गेलेला वेळही त्यांनी धरला, जो जेलरोडवाले दादा धरतच नाहीयेत.

जेलरोडवाला: ताई, पण 7.25 इंदूरला कशाला लावायचं? इथे 2 डॉलर तासाला मिळाले तर कितीतरी पोरं खूश होतील.

राजवाड्याची ताई: मिळाले तर ना! रिजेक्ट झालं की इंदूर काय न् अमेरिका काय, शून्य ते शून्यच. म्हणून तर 2008 मध्ये टर्कऑप्टिकॉन नावाची साइट निघाली, तिथे कामगारच काम देणाऱ्यांना रेटिंग देतात.

जेलरोडवाला: रेटिंगने पैसे परत येतात का?

पलासियाकर: नाही येत. आपल्याकडे 2020 च्या सोशल सिक्युरिटी कोड या कायद्यात प्लॅटफॉर्म वर्कर, म्हणजे अॅप-साइटवरून काम घेणारा, हा शब्द आला खरा, पण तो विमा वगैरेंसाठी, नाकारलेल्या बॅचचं त्याने काही होत नाही. मी भाचीला सांगितलंय, नव्या क्लायंटचं आधी थोडंसंच करून बघ, अप्रूव्ह झालं तरच पुढचं घे.