घंटा काढली म्हणजे हायस्कूल सुधारतं?

फळाखडू

याच चर्चामंचावर ‘हायस्कूल मुळापासून बदला’ असा एक लेख आला होता. ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात: सरकारी हायस्कूल म्हणजे कारखाना, घंटा म्हणजे भोंगा, इयत्ता म्हणजे मालाच्या तुकड्या. तेव्हा घंटा, तास, इयत्ता, भिंती सगळं काढून टाका. प्रत्येक मूल पडद्यासमोर बसून आपल्या गतीने शिकेल आणि शिक्षक ‘मार्गदर्शक’ होईल. खाली ‘अगदी मनातलं बोललात’ची रांग लागलेली. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वाचल्यापासून डोकं भणभणतंय, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी कारखान्याचं बघू. कारखाने येण्यापूर्वी कित्येक शतकं मठांमध्ये घंटा वाजत होत्या. आणि ज्या तासांच्या हिशेबावर लेखकाचा राग आहे, तो अमेरिकेत १९०६ च्या सुमारास पक्का झाला तो प्राध्यापकांच्या पेन्शनमुळे. कार्नेगी प्रतिष्ठान कॉलेजच्या प्राध्यापकांना पेन्शन द्यायला तयार झालं, पण अट अशी की कॉलेजने प्रवेश देताना हायस्कूलचं ठरावीक काम मोजून मागायचं. मोजायचं कसं? एका विषयाला वर्षाला साधारण १२० तास. कॉलेजांना पेन्शन हवं होतं, त्यांनी माप मान्य केलं आणि हायस्कुलांनी स्वतःला त्या मापात बसवलं. म्हणजे तासिका मोडायच्या असतील तर आधी कॉलेजप्रवेशाच्या दारात जाऊन भांडावं लागेल. लेखात त्या दाराचा उल्लेखसुद्धा नाही.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. माझ्याकडे पाच वर्ग, प्रत्येकात तीसेक मुलं. दीडशे झाली. प्रत्येक वहीला पाच मिनिटं दिली तरी साडेबारा तास होतात, आणि ते शिकवण्याच्या वेळेबाहेरचे. ही मुलं मला नावाने माहीत असतात, पण कोणाचं नेमकं कुठे अडलंय हे कळायला परीक्षा उजाडते. शिक्षणतज्ज्ञ टेड सायझर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत शाळांचं एक जाळं उभं केलं, त्याच्या तत्त्वांतलं एक असं: एका शिक्षकावर ८० पेक्षा जास्त विद्यार्थ्यांची जबाबदारी नको. भिंती पाडा नाहीतर ठेवा, हा आकडा बदलला नाही तर काहीही बदलत नाही. उलट दीडशे मुलं दीडशे वेगवेगळ्या पानांवर असली, तर तो मार्गदर्शक कोणाला मार्ग दाखवणार?

स्वगती

पेन्शनचा इतिहास ऐकला, आता माझ्या मुलाचं ऐका. सहावीत आजारपणात त्याची शाळा बुडली आणि अपूर्णांक कच्चे राहिले. वर्ग पुढे गेला. सातवीत गुणोत्तर, आठवीत बीजगणित, सगळीकडे तोच खड्डा. दरवर्षी ‘लक्ष देत नाही’ असा शेरा. नववीत आम्ही त्याला शाळेनंतर संगणकावर मागे नेलं, थेट अपूर्णांकांपर्यंत, आणि तो स्वतःच्या वेगाने वर आला. त्याला मठ्ठ ठरवणारी गोष्ट एकच होती: जूनमध्ये सगळ्यांनी एका पानावर असलं पाहिजे हा हट्ट.

आणि हे काही स्वप्नरंजन नाही. फिनलंडच्या उच्च माध्यमिक शाळेत इयत्तेचे बांधलेले वर्ग नाहीत. १५० श्रेयांक (क्रेडिट) पूर्ण करायचे, कोणी दोन वर्षांत करतो, कोणी चार. जुना पुरावा हवा असेल तर तोही आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत ३० शाळांना कॉलेजप्रवेशासाठी ठरलेल्या विषयांच्या अटींतून सूट दिली होती. त्यांचे १,४७५ विद्यार्थी कॉलेजात गेल्यावर नेहमीच्या शाळांतल्या तशाच विद्यार्थ्यांशी जोडीजोडीने ताडून पाहिले. ते मागे पडले नाहीत, काही बाबतींत थोडे पुढेच होते. त्यामुळे ‘कॉलेजचं दार उघडणार नाही’ हे पटत नाही. ते एकदा उघडलेलं आहे.

जुना बाक

मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, त्या अधिकाराने लिहितो. फिनलंडचं उदाहरण अर्धवट देऊ नका. तिथे सोळाव्या वर्षापर्यंत सगळे एकत्र शिकतात, मग गुणांवर वाटा फुटतात आणि जवळपास निम्मी मुलं व्यावसायिक शिक्षणाकडे जातात. शेवटी राष्ट्रीय परीक्षा आहेच, तीही १८५२ पासूनची. चाळणीतून आलेल्या मुलांना मोकळीक देणं सोपं असतं. सरकारी हायस्कूल येईल त्याला घेतं.

आपल्या गतीने म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत काय, हे मी पाहिलंय. गती शून्य! हातात फोन, समोर पडदा. फ्रान्सने २०१८ मध्ये पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत फोन वापरायला कायद्याने बंदी केली. आधी ते करा, मग हायस्कूल नव्याने बांधण्याच्या गप्पा मारा.

पहाटगाडी

तुम्ही सगळे घंटा असावी की नसावी यावर वाद घालताय. ती किती वाजता वाजते यावर एकानेही लिहिलेलं नाही.

माझी मुलगी अकरावीत आहे. अंधारात उठते, अंधारात बस पकडते. पहिला तास गणिताचा. वार्षिक भेटीत शिक्षिका म्हणाल्या, ‘हुशार आहे पण आळशी’. ती आळशी नाही हो, ती झोपेत आहे! वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा लागते. हा लाडाचा प्रश्न नाही, शरीराचा आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की या वयाची शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. सिएटलने २०१६ मध्ये हायस्कूलची वेळ ७:५० वरून ८:४५ केली. मनगटावर यंत्र बांधून मोजलं, मुलांची झोप रोज साधारण ३४ मिनिटांनी वाढली. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, २०२२ पासून लागू आहे. भिंती, श्रेयांक, पडदे राहू देत. घड्याळ सरकवा.

जुना बाक

रात्री दहाला फोन काढून घ्या, सकाळी आपोआप जाग येईल.

पहाटगाडी

आमच्या घरी रात्री फोन बाहेरच्या खोलीत असतो. दोन्ही मुलांचा, आणि आमचाही. तरी ती साडेअकरापर्यंत छताकडे बघत पडलेली असते. तुम्ही इतकी वर्षं शाळा चालवलीत आणि पहिल्या तासाला डोकं टेकलेल्या मुलांकडे बघून तुम्हाला फोनच दिसला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. किती मुलांच्या शेऱ्यात ‘आळशी’ लिहिलंत?

वेळापत्रक

भांडू नका, आधी बसचं गणित समजून घ्या. मी शाळांच्या बसमार्गांचं काम केलंय. बस तीच, चालक तोच, फेऱ्या तीन. पहिली हायस्कूलची, दुसरी मधल्या वर्गांची, तिसरी प्राथमिकची. हायस्कूल नऊवर नेलं तर पहिली फेरी कोणाची? सहा-सात वर्षांच्या मुलांची. तुमच्या अकरावीतल्या मुलीऐवजी पहिलीतलं पोर अंधारात थांब्यावर उभं राहील. नाहीतर बस आणि चालक वाढवा, आणि चालक आहेत त्या पगारात मिळत नाहीत. फ्लोरिडाने २०२३ मध्ये असाच कायदा केला होता. अंमलबजावणीची वेळ येण्याआधीच, २०२५ मध्ये, मागे घेतला. कारणं हीच: बस आणि पैसा.

पहाटगाडी

लहान मुलं तशीही लवकर उठतात, तुम्ही घरात बघितलं नाही का? त्यांना पहिली फेरी देणं शरीराच्या दृष्टीने जास्त बरोबर आहे. अंधाराची काळजी असेल तर थांब्यावर दिवा लावा आणि एक मोठं माणूस उभं करा. पंधरा वर्षांच्या मुलाच्या मेंदूचं घड्याळ बदलण्यापेक्षा ते सोपं आहे.

रात्रपाळी

मी हायस्कूलला असताना शाळा दुपारी लवकर सुटायची म्हणून मला काम करता यायचं. वडिलांचं काम सुटलेलं, माझ्या पैशांवर घराचं भाडं निघायचं. शाळा तासाभराने उशिरा सुटली असती तर मी शाळाच सोडली असती, आणि मला अडवायला कोणी आलं नसतं. झोपेचा अभ्यास करणाऱ्यांनी कधी अशा मुलाला विचारलंय का? तुमच्या चर्चेतल्या सगळ्या मुलांना संध्याकाळी मोकळा वेळ आहे. आमच्याकडे तो नव्हता.

पहाटगाडी

तुमचं वाचून थांबले. याला माझ्याकडे उत्तर नाही, पण एक म्हणेन: भाडं मुलाने भरायचं म्हणून बाकी सगळ्यांनी झोपेत शिकायचं, हे शाळेच्या वेळेचं अपयश नाही. ते बाकी सगळ्यांचं आहे.

रात्रपाळी

बाकी सगळे कधी सुधारतील ते सुधारतील. शाळेची वेळ मात्र उद्यापासून बदलेल.

फळाखडू

धागा झोपेवर गेला ते गेलाच. पहिल्या तासाला मी शिकवते, त्यामुळे पहाटगाडी म्हणतात ते रोज समोर दिसतं. नाही म्हणायची सोय नाही. चौथ्या तासाला तीच मुलं वेगळी असतात. रात्रपाळी यांच्यासारखी मुलंही माझ्या वर्गात आहेत, आणि मला ती उशिरा कळतात, कारण परत तेच, दीडशे. कोण झोपलंय आणि कोण रात्री कामावर होतं हे ओळखायला कोणाला तरी त्या मुलाशी बोलायला वेळ हवा. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांची संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक हवा असं म्हणते, आणि तिथेही तेवढे नाहीत.

कोनाडा

मी शाळांच्या इमारतींची कामं करते. ‘भिंती काढा’ हे वाचून राहवलं नाही. हा प्रयोग झालेला आहे! १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि सत्तरच्या दशकात अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये बिनभिंतींच्या शाळा बांधल्या. शेजारच्या गटाचा आवाज इकडे येऊ लागला, शिक्षकांनी कपाटं आडवी लावली, मग पार्टिशनं आली, शेवटी भिंती आल्या. रिकाम्या वर्गात ३५ डेसिबलहून जास्त गोंगाट नको असं अमेरिकेतलं २००२ चं मानक सांगतं. तुम्ही नववीच्या तीन गटांना एका दालनात बसवा आणि शेवटच्या ओळीतल्या, कमी ऐकू येणाऱ्या मुलाला विचारा.

इमारतीबद्दल कोणाला खरंच बोलायचं असेल तर शौचालयांबद्दल बोला. मी पाहिलेल्या एका हायस्कुलात धिंगाणा नको म्हणून तासाच्या वेळी त्यांना कुलूप असायचं. मुली दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. नवं आरेखन मागितलं तेव्हा बैठकीत प्रवेशदालनावर चर्चा रंगली, शौचालयावर कोणी तोंड उघडलं नाही. हात धुण्याची जागा कॉरिडॉरला उघडी ठेवा, आतल्या खोल्या जमिनीपासून छतापर्यंत पूर्ण बंद करा. धिंगाणा आपोआप नजरेत राहतो, कुलपाची गरज उरत नाही. पण हे भाषणात चमकत नाही.

स्वगती

भिंतींचं जाऊ द्या, तो मुद्दा माझा नव्हता. पण दीडशेवर उपाय हवा असेल तर शाळा लहान करा. गेट्स प्रतिष्ठानाने लहान हायस्कुलांवर जवळपास २ अब्ज डॉलर खर्च केले.

वेळापत्रक

आणि २००८ मध्ये खुद्द बिल गेट्स यांनी सांगितलं की त्यातल्या बऱ्याच शाळांत अपेक्षित सुधारणा दिसली नाही. मुळात फसगत आकड्यांची होती. लहान शाळा गुणवत्ता यादीच्या वरच्या टोकाला जास्त दिसतात, पण तळालाही जास्त दिसतात. मुलं थोडी असली की पाच हुशार मुलं किंवा पाच नापास मुलं सरासरी हलवतात. वरचं टोक बघून पैसा ओतला गेला.

स्वगती

न्यूयॉर्क विसरलात. तिथल्या नव्या लहान हायस्कुलांत जागांपेक्षा अर्ज जास्त आले तेव्हा सोडत काढली. म्हणून तुलना चोख झाली: सोडतीत नंबर लागलेली मुलं हायस्कूल पूर्ण करण्यात ९ हून जास्त टक्क्यांच्या फरकाने पुढे होती. यात फसगत कुठे आहे ते दाखवा.

वेळापत्रक

न्यूयॉर्कचं ठीक आहे. पण तिथे नुसती पटसंख्या कमी केली नव्हती, शाळाच नव्याने उभ्या केल्या होत्या, शिक्षक निवडून घेतले होते.

फळाखडू

आणि त्या शाळांत मुलांना ओळखणारी माणसं होती. मी पहिल्यापासून तेच सांगतेय.

जुना बाक

बाई, दीडशेचे ८० करायचे म्हणजे जवळजवळ दुप्पट शिक्षक. पैसा कोण देणार? मी अंदाजपत्रकं केली आहेत. मागणी करणं सोपं असतं.

फळाखडू

दुप्पट शिक्षक लागत नाहीत. सायझर यांच्या तत्त्वांत हेही होतं की दरडोई खर्च नेहमीच्या शाळेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वाढू नये. मार्ग असा: विषयांची संख्या कमी, आणि एका शिक्षकाकडे दोन जवळचे विषय. मी विज्ञानही घेते, गणितही घेते. वर्ग तेवढेच मोठे, पण पाच वर्गांऐवजी अडीच वर्गांची मुलं, म्हणजे पंचाहत्तर, प्रत्येक मूल माझ्याकडे दुप्पट वेळ. पगार तोच. किंमत द्यावी लागते ती वेगळी: जादा विषय जातात, आणि शिक्षकाला दुसरा विषय नीट शिकावा लागतो.

जुना बाक

दुसरा विषय नीट शिकणारे शिक्षक मला फार भेटले नाहीत. खालच्या वर्गांना जमेल. बारावीच्या गणिताला नाही, तिथे मी अडून राहीन.

स्वगती

नववी-दहावीपुरतं धरलं तरी माझ्या मुलाचा खड्डा तिथेच सापडला असता. एकाच माणसाने विज्ञानातल्या गुणोत्तरात आणि गणितातल्या अपूर्णांकात त्याला अडखळताना पाहिलं असतं. एवढ्यापुरता मी फळाखडूंच्या बाजूने. पडद्याचा मुद्दा सोडलेला नाही, त्यावर वेगळा धागा काढतो.

पहाटगाडी

काढा. त्यात पहिला तास किती वाजता ते आधी लिहा.