ऑगस्टमध्ये सर्फिंग शिकण्यासाठी श्रीलंकेला जायचे आहे. तयारी कशी करावी?

भटकी_सई:
नमस्कार. ऑगस्टच्या उत्तरार्धात मी आणि माझे पती आठवडाभरासाठी श्रीलंकेतील वेलिगामा येथे सर्फिंग शिकण्यासाठी जाण्याचा विचार करत आहोत. विमानाची तिकिटे अद्याप काढलेली नाहीत. आम्हा दोघांनाही तरणतलावात पोहता येते, मात्र समुद्रात उतरण्याचा सराव नाही. बोर्ड आणि पोशाख येथूनच विकत न्यावा का, शरीराची तयारी कोणती करावी आणि पावसाळ्याचा अडथळा होईल का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. मला लांबचा चष्मा आहे आणि माझे पती श्रावण पाळतात, याचाही विचार व्हावा.

दर्याकिनारी:
सईताई, तिकिटे काढली नाहीत हे बरे झाले, कारण सामानाच्या यादीआधी गावाचाच फेरविचार करायला हवा. वेलिगामा नवशिक्यांसाठी उत्तम आहे यात शंका नाही. उपसागर रुंद आहे, तळाशी वाळू आहे आणि लाटा मवाळ असतात. परंतु हा लौकिक नोव्हेंबर ते एप्रिल या काळातला आहे. कोकणाला झोडपणारा नैर्ऋत्य मोसमी वारा ऑगस्टमध्ये श्रीलंकेच्या त्या किनाऱ्यावरही समुद्राकडूनच येत असतो, त्यामुळे लाटा विस्कटतात आणि शिकणाऱ्याला धड उभे राहण्याइतकी सलग लाट क्वचितच मिळते. काही शाळा तेव्हाही सुरू असतात, पण त्यांच्या भरवशावर आठवडा घालवू नये.

त्याच दिवसांत देशाच्या मध्यभागातील डोंगररांगांच्या आडोशामुळे पूर्व किनारा कोरडा असतो. तिथे पोहोचेपर्यंत तोच वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागतो आणि येणाऱ्या लाटेला समोरून तोलून धरतो, म्हणून ती एकदम न कोसळता एका बाजूने हळूहळू फुटत जाते. या लाटा मुळात दक्षिण हिंदी महासागरातील वादळांमुळे उठतात आणि हजारो किलोमीटरचा प्रवास करून येतात. त्यामुळे आकाश निरभ्र असले तरी त्यांचा ओघ थांबत नाही. तेव्हा ऑगस्टसाठी पोट्टुविलजवळचे अरुगम बे हे गाव निवडावे. तिथला हंगाम साधारणपणे मे ते सप्टेंबर असा असतो.

ज्या मेन पॉइंटमुळे हे गाव जगभर ओळखले जाते, तिथे मात्र तुम्ही उतरू नये. तिथे खाली खडक आणि प्रवाळ असून वर जाणकारांची गर्दी असते. नवशिक्यांना सहसा त्याच्याच आतल्या बाजूच्या बेबी पॉइंटवर नेतात, किंवा उत्तरेच्या व्हिस्की पॉइंटला आणि दक्षिणेच्या पीनट फार्मला. या दोन्ही ठिकाणी रिक्षाने जाता येते. तिथल्या अनेक रिक्षांच्या टपावर बोर्ड बांधायची सोयच केलेली असते. उजाडते सहाच्या सुमारास आणि ऊन चढले की वारा वाढतो, म्हणून पहिला धडा सकाळचाच ठरवावा.

बोर्ड अजिबात विकत घेऊ नका. तुम्हाला लागणारा आठ-नऊ फुटी फोमचा बोर्ड तिथे भाड्याने मिळतो, आणि विमानात लांब सामानाचे बहुधा वेगळे पैसे पडतात. पाणी कोमट असल्याने रबरी पोशाखही नको. विकत घ्यायचाच असेल तर लांब बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा लायक्राचा शर्ट घ्यावा. पाय घसरू नये म्हणून बोर्डला मेण चोळलेले असते, त्यात वाळू अडकते आणि पालथे पडून हातांनी वल्हवताना बरगड्यांवर ती काचकागदासारखी घासते; लायक्राशिवाय दुसऱ्या दिवशी बोर्डवर पोट टेकवणे नकोसे होते. शिवाय अरुगम बे विषुववृत्तापासून जेमतेम ७ अंशांवर आहे. पुण्याच्या ढगाळ हवेतून थेट त्या उन्हात गेल्यावर मान, कान आणि गुडघ्यामागची त्वचा आधी भाजते, तेव्हा झिंक ऑक्साइडचे जाड मलम सोबत असू द्यावे.

पट्टीचा_पोहणारा:
गावाविषयी वर सांगितलेच आहे, म्हणून मी केवळ शरीराविषयी लिहितो. सर्फिंगमधील बहुतेक वेळ उभे राहण्यात नव्हे, तर वल्हवण्यात जातो आणि सर्वप्रथम खांदे थकतात. न थांबता २०० मीटर पोहणे आणि काठाला हात न लावता पाच मिनिटे एकाच जागी तरंगत राहणे, एवढे जमत नसेल तर आधी ते जमवावे. घरी सतरंजीवर पालथे पडून, तळहात छातीशी टेकवून, गुडघा न टेकता एका झटक्यात दोन्ही पायांवर येण्याचा सराव रोज करावा. हौसेपोटी या सरावासाठी कोकणात किंवा गोव्यात समुद्रात उतरू नये. पावसाळ्यातील आपला समुद्र त्यासाठी नाहीच.

पडायचे कसे हेही शिकून घ्यावे. पाणी उथळ असते, त्यामुळे सूर मारून किंवा पाय खाली रोवून न पडता शक्य तितके आडवे पडावे आणि वर येताना दोन्ही हातांनी डोके झाकावे, कारण लीशने, म्हणजे दोरीने, पायाला बांधलेला बोर्ड तुमच्याच अंगावर परत येतो. प्रवाह आत ओढू लागला तर बोर्ड सोडू नये आणि प्रवाहाशी झुंजू नये. किनाऱ्याला समांतर सरकत त्याच्या बाहेर पडावे. लाट जिथे प्रथम फुटते त्याच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची, हा नियम तिथे काटेकोरपणे पाळला जातो. नवखे आहोत म्हणून कोणी सूट देईल असे समजू नका.

भटकी_सई:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. वेलिगामाचा बेत रद्द करून आम्ही अरुगम बे निश्चित करत आहोत. आता प्रवास, जेवण आणि चष्मा एवढेच प्रश्न उरले आहेत.

कोलंबोकर:
अरुगम बेपर्यंत रेल्वे नाही. कोलंबोहून रस्त्याने सुमारे ३२० किलोमीटर अंतर असून सात-आठ तास सहज लागतात. वेळ असेल तर रेल्वेने एल्लापर्यंत जावे, तिथे मुक्काम करावा आणि पुढे मोनरागला, सियंबलांडुवमार्गे गाडीने उतरावे. सियंबलांडुव आणि पोट्टुविल यांच्यामधला रस्ता लाहुगलाच्या अभयारण्यालगत जातो आणि तिथे हत्ती रस्त्यावर येतात, म्हणून हा टप्पा अंधार पडण्यापूर्वी पार करावा. गावाजवळच्या खाजणांत मगरी आहेत. समुद्रातून आल्यावर अंगावरचे मीठ धुण्यासाठी त्या पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा.

श्रावणाविषयी विशेष सावधगिरी हवी. भात आणि चार-पाच भाज्यांचे जेवण सर्वत्र मिळते, पण वरवर शाकाहारी दिसणाऱ्या पोल संबोल या ओल्या खोबऱ्याच्या चटणीत, आणि कधीकधी भाजीतही, सुकवलेल्या माशाचा चुरा असतो. त्याला उंबलकड म्हणतात. तो घालू नये, असे जेवण सांगतानाच बजावावे. इडियाप्पम, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, आणि डाळीची आमटी हा त्यातल्या त्यात निर्धास्त पर्याय आहे. प्रत्येक पौर्णिमेला, म्हणजे पोयाच्या दिवशी, देशभर सुटी असते आणि मद्यविक्री बंद असते. ऑगस्टमधली निकिणी पोया बहुधा आपल्या नारळी पौर्णिमेच्या आसपासच येते, तेव्हा खरेदी किंवा बँकेची कामे आदल्या दिवशी उरकावीत. पोट्टुविलची बहुसंख्य वस्ती मुस्लिम आहे, म्हणून बाजारात जाताना पोहण्याच्या कपड्यांवर पूर्ण कपडे घालणे उचित. प्रवासाच्या ई-परवानगीचे नियम वरचेवर बदलतात. ते अधिकृत संकेतस्थळावरच पाहावेत.

नेत्र_आणि_नाडी:
कॉन्टॅक्ट लेन्स लावून लाटांत उतरण्याआधी आपल्या नेत्रतज्ज्ञांना अवश्य विचारावे. त्यांनी संमती दिल्यास रोज टाकून द्यायच्या लेन्स घ्याव्यात, पाण्याखाली डोळे मिटावेत आणि बाहेर येताच लेन्स काढून टाकाव्यात. चष्म्याचा नंबर थोडा असेल तर चष्म्याविना उतरलेले उत्तम, कारण शिकवणारा तुमच्या शेजारीच उभा असतो. श्रीलंका २०१६ पासून मलेरियामुक्त आहे, परंतु डेंग्यू आहे आणि त्याचे डास दिवसा चावतात. ताप आल्यास ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन न घेता पॅरासिटामॉल घ्यावे आणि रक्ततपासणी करावी. धनुर्वाताची लस घेतली आहे का, तेही पाहावे, कारण प्रवाळाने कापलेली जखम लवकर चिघळते. ती लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन आतले कण काढावे लागतात. प्रवासविमा घेताना सर्फिंग त्यात समाविष्ट असल्याचे लेखी घ्यावे, आणि चष्म्याची दुसरी जोडी विमानात हातातल्या पिशवीतच ठेवावी.