अजिनोमोटोचा खरा बाप कोण : इकेदा की सुझुकी?

खारीबिस्किट :
चायनीजच्या गाडीवर 'अजिनोमोटो टाकू नका हं' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना हे कंपनीचं नाव आहे याचा पत्ता नसतो. पदार्थ मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे ग्लुटामिक आम्लापासून केलेलं, चव वाढवणारं मीठ. १९०८ मध्ये टोकियो इम्पीरियल विद्यापीठातल्या किकुनाए इकेदांनी कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामिक आम्ल काढलं, त्याच्या रश्शासारख्या खमंग चवीला 'उमामी' नाव दिलं आणि पेटंटही घेतलं. साबुरोसुके सुझुकी या व्यापाऱ्याने २० मे १९०९ पासून ते बाटलीत भरून विकलं. माझ्या मते श्रेय इकेदांचंच. सुझुकी नसता तर दुसरा शेठ मिळाला असता.

उंटावरचा_शहाणा :
साफ असहमत. दुसरा शेठ दोन वर्षांत पळाला असता! कोंबूतून काढायचं तर किलोकिलो शेवाळ उकळून हाती चिमूटभर. म्हणून गव्हाचं ग्लूटेन घेतलं. कणकेचा गोळा नळाखाली चोळत राहा, पांढरं पाणी निघून जातं आणि रबरासारखा चिवट लगदा उरतो, तेच ते. तो हायड्रोक्लोरिक आम्लात शिजवायचा, की त्यातून ग्लुटामिक आम्ल सुटतं. आम्ल धातूची भांडी खाणार, म्हणून मातीचे मोठे रांजण. झुशीच्या कारखान्यातल्या आम्लाच्या वाफांनी शेजारी वैतागले, शेवटी १९१४ मध्ये बिऱ्हाड कावासाकीला हललं. सुरुवातीची वर्षं तोट्याची. हे सगळं प्रयोगशाळेत बसून निस्तरलं असतं का कोणी?

खारीबिस्किट :
निस्तरणं वेगळं, सुचणं वेगळं. विकायला काही होतं म्हणून विकलं ना? आणि पेटंटात सुझुकीला भागीदारी मिळालीच की.

माजघर :
दोघेही पुरुषांपाशीच अडकलात. सुझुकीला शेवाळाचा धंदा कुणी दिला? तांदळाच्या सट्ट्यात हात पोळून तो बसला होता. तेव्हा हायामाच्या घरात त्याची आई नाका आणि बायको तेरू यांनी समुद्री शेवाळ जाळून त्याच्या राखेतून आयोडीन काढायला घेतलं. साल १८८८च्या आसपास. रसायनांचा व्यवसाय तिथून उभा राहिला, म्हणून तर पुढे इकेदांचं काम त्याच्या हाती आलं. बाटलीवर मात्र ॲप्रनवाली बाई, ती चित्रातली!

उंटावरचा_शहाणा :
हे माहीत नव्हतं, मान्य. पण मग माझाच मुद्दा पक्का झाला. श्रेय सुझुकींच्या घराचं, विद्यापीठाचं नव्हे.

खारीबिस्किट :
वा, सोयीस्कर! माजघरताईंनी तुम्हालाही खोडलंय, ते गिळलंत.

फोडणी :
एक अवांतर. ही पावडर सापापासून करतात अशी अफवा तेव्हा जपानात पसरली होती, आणि 'आम्ही साप वापरत नाही' असं कंपनीला वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन सांगावं लागलं. आता बोला, हे निस्तरायला इकेदा गेले होते का?

खारीबिस्किट :
सापाचं श्रेय सुझुकीला. घेऊन टाका.