१९०० लीप नव्हतं, पण एक्सेलला कोण सांगणार?

चारने भाग गेला की लीप वर्ष, एवढा नियम रोजच्या कामाला पुरतो. पण १९०० ला चारने भाग जातो, तरी ते लीप नव्हतं! शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जायला हवा. म्हणून २००० लीप, २१०० नाही. वर्ष साधारण ३६५.२४२२ दिवसांचं, म्हणजे ३६५ च्या वरचा तुकडा पाव दिवसाहून किंचित लहान, त्याचीच ही भरपाई.

पंचवटीतल्या वाड्याची जुनी कागदपत्रं एक्सेलमध्ये चढवताना भाच्याने गंमत म्हणून २९ फेब्रुवारी १९०० टाकलं. निमूट घेतलं की एक्सेलने!

शके वर्ष असेल तर ७८ मिळवून हाच नियम लावा (भारत सरकारच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेपुरताच हं, अधिक महिन्याचं गणित वेगळं). तिथे लीप वर्षी १ चैत्र २१ मार्चला येतो.