जुन्या प्रेमकादंबऱ्या आणि पहिली ई-पुस्तकं : तुमचे अनुभव लिहा

प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांना 'टाइमपास करतात' म्हणून निकालात काढायची आपल्याकडे पद्धत आहे आणि ती मला अजिबात पटत नाही. मी पुण्यात स्क्रीनवर आख्खी कादंबरी वाचताना जी पहिली माणसं बघितली त्या सगळ्या मिल्स अँड बून (इंग्लिश प्रेमकादंबऱ्या काढणारी ब्रिटिश प्रकाशनसंस्था) वाचणाऱ्या बायका होत्या. त्यांचं वाचन दांडगं, घरात पुस्तकं ठेवायला जागा नाही, आणि कव्हर कुणाला दिसलं की चार प्रश्न. हे प्रकाशकांनाही कळलं होतं. हार्लेक्विन या कॅनडाच्या प्रकाशकाने (१९७१ पासून मिल्स अँड बून त्यांचंच) २००७ मध्ये नवीन येणारं प्रत्येक पुस्तक ई-बुक म्हणूनही द्यायला सुरुवात केली, मोठ्या प्रकाशकांत सगळ्यात आधी, किंडल, म्हणजे अ‍ॅमेझॉनचं ई-बुक वाचायचं यंत्र, बाजारात यायच्याही आधी. तर तुम्ही काय वाचायचात, कुठून मिळवायचात, स्क्रीनवर कधी आलात ते लिहा. मराठी, इंग्लिश दोन्ही चालेल, वर नावाऐवजी फक्त आपला भाग लिहा.

नारायण पेठ

आमच्या वाड्यापासून दोन गल्ल्या सोडून लायब्ररी होती, लायब्ररी म्हणजे एका घराची पुढची खोली. डिपॉझिट, महिन्याची वर्गणी, एका वेळी एक पुस्तक एक मासिक. आई मराठी कादंबऱ्या आणायची, मी कॉलेजात गेल्यावर इंग्लिश आणायला लागले. मिल्स अँड बूनचं पुस्तक असायचं १९० पानांच्या आसपास, एका रात्रीत संपायचं, आणि नावं इतकी सारखी की हे वाचलंय का नाही तेच कळायचं नाही, म्हणून प्रत्येकीची एक खूण असायची. मी ३१व्या पानाच्या आकड्याभोवती पेन्सिलने गोल करायचे, कुणाची फुली, कुणाची चांदणी, एक बाई नुसती तारीख टाकायच्या. हळूहळू मी त्या खुणा वाचायला शिकले, फुली आणि चांदणी दोन्ही असतील तर पुस्तक हमखास चांगलं, नुसती तारीख असेल तर काही सांगता येत नाही कारण त्या बाई सगळंच वाचायच्या. फुलीवाली कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण मराठी मीडियमची मी, शेजारी डिक्शनरी घेऊन जे इंग्लिश शिकले ते तिने निवडलेल्या पुस्तकांतून शिकले आणि तिला हे कधीतरी सांगायची माझी फार इच्छा आहे.

सहकारनगर

लपवून वाचायचं कारण नुसती घरातली माणसं नव्हती. लेखक चंद्रकांत काकोडकरांची कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली त्यावर अश्लीलतेचा खटला पुण्यातच उभा राहिला, हायकोर्टात शिक्षा झाली आणि १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने निर्दोष सोडलं. म्हणजे इतकी वर्षं ते प्रकरण चालू होतं. आजी सांगायची की त्या काळात असा अंक घरात आला की त्याला लगेच वर्तमानपत्राचं कव्हर चढायचं आणि तो गादीखाली जायचा. दुपारी पुरुष कामावर गेले की मग वाचन, एक वाचणार आणि तिघी भाजी निवडत ऐकणार.

कोथरूड ते हिंजवडी

मी २००३ मध्ये कंपनीच्या परदेशातल्या कामावरून, ऑनसाइटहून, येताना पाम म्हणजे तळहातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर घेऊन आले, कॅलेंडरसाठी म्हणून घेतला होता पण त्यात कादंबऱ्याच जास्त होत्या. स्क्रीन १६० बाय १६० पिक्सेलची, जेमतेम दहाबारा ओळी मावायच्या, बारीक दोन सेल लागायचे आणि बॅकलाइट लावला की ते झपाट्याने उतरायचे. पण कंपनीच्या बसमध्ये सकाळी चांदणी चौकात गाडी तुंबली की मी आरामात वाचत बसायचे, शेजारच्याला वाटायचं मीटिंगच्या नोट्स बघतेय. आख्खी कादंबरी साध्या टेक्स्टमध्ये तीन-चारशे केबीची, त्यामुळे खूप मावायच्या. त्या बसमधला तो वेळ पूर्ण माझा होता, घरी गेल्यावर मुलं, सासूबाई, स्वयंपाक, तिथे पुस्तक हातात धरणं शक्यच नव्हतं.

धनकवडी

ताई, तुमचं इंग्लिश होतं म्हणून जमलं. आम्हाला मराठी हवं होतं आणि मराठीचे फार हाल होते. कुणीतरी पेन ड्राइव्हवर द्यायचं ती फाइल जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, तो फॉन्ट आपल्या मशीनवर नसेल तर नुसती इंग्लिश अक्षरं आणि चिन्हं दिसणार. मग युनिकोड आलं, म्हणजे कुठल्याही मशीनवर तेच अक्षर दिसावं म्हणून ठरवलेली पद्धत, तर फोनला ते नीट मांडता येईना, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची, जोडाक्षरं पाय मोडून वेगळी व्हायची. 'प्रिया' वाचताना दर वेळी अडखळायचं, आणि प्रेमकादंबरीत प्रिया किती वेळा येते सांगा! पीडीएफ असेल तर अक्षर शाबूत, पण पान मोठं आणि स्क्रीन चिमुकली, प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत वाचायची. तरी वाचलं. मी, माझी जाऊ, वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्यांनी तसंच वाचलं. किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे यायला २०१६ चा डिसेंबर उजाडला, तोवर ज्यांनी असं वाचलं त्यांच्या चिकाटीबद्दल कुणी चकार शब्द बोलत नाही.

कर्वेनगर

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलं होतं आणि वाचन पार बंद झालं होतं. टॅबवर अक्षर मोठं करून दिलं, एका पानावर जेमतेम पन्नास शब्द. पहिल्या दिवशी जेवायला उठेनात.

नारायण पेठ

परत आले कारण एक राहिलं. ती जुनी पुस्तकं आता वाचली तर नायक त्रास देतात. मनगट धरून ओढणारा, नको म्हटलेलं ऐकून न घेणारा, आणि शेवटी म्हणे हेच प्रेम. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी पुस्तकांत हे आहे आणि ते आज मला वाचवत नाही. पण त्याच पुस्तकांत मुली नोकरी करतात, एकट्या बोटीने परदेशी जातात, पगार स्वतःकडे ठेवतात, आणि शेवट त्यांच्या मनासारखा होणार याची खात्री असते. आमच्या गल्लीत तेव्हा असं काही बघायला मिळत नव्हतं. दोन्ही खरं आहे आणि मला दोन्ही सांगायचंय.

सहकारनगर

मग मराठीतलं जुनं का मिळत नाही? लायब्ऱ्या बंद झाल्या, पुस्तकं रद्दीत गेली, ई-बुक कुणी काढलं नाही. आपल्याकडे कॉपीराइट लेखक गेल्यानंतर ६० वर्षं राहतो, त्यामुळे आजीच्या काळातल्या बऱ्याच लेखिकांचे हक्क अजून वारसांकडेच आहेत आणि त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. कुणाच्या घरात अशी लेखिका होऊन गेली असेल, आजी, मावशी, आत्या, तर प्लीज तुम्हीच प्रकाशकाशी बोला. टायपिंग आणि प्रूफं मी करून देईन.